बेगमी: पेवापासून रेशनकार्डापर्यंत

सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी जुन्या वाड्याच्या अंगणात एक जागा आहे. तिथे पूर्वी कुणी बैलगाडी सोडत नसे, आणि आता ट्रॅक्टरही उभा करत नाही. जमीन तिथे वीतभर खचलेली आहे. लहानपणी आम्ही तिथे गोट्या मांडल्या की आजी ओसरीवरून ओरडायची, "तिथनं उठा रे, खाली पेव हाय." आमच्यापैकी कुणीही ते पेव उघडलेले पाहिले नव्हते. खुद्द आजीने ते लग्न होऊन आली त्या साली एकदाच पाहिले होते. पुढे ते कायमचे बुजवले गेले. तरी घरातल्या प्रत्येकाला त्याची जागा नेमकी ठाऊक होती.

आज मराठीत पेव उरले आहे ते बहुतेक वाक्प्रचारातच. क्लासेसचे पेव फुटले, पतपेढ्यांचे पेव फुटले असे आपण म्हणतो आणि त्यात थोडी नापसंतीही मिसळतो. ज्या खड्ड्यावर एका घराचे दोन-तीन दुष्काळ निभावून जात, त्याच्या नावाला अशी कळा यावी हे चमत्कारिक आहे. पेवाच्या जोडीचा दुसरा शब्द म्हणजे बेगमी. तो मात्र अजून आपली अब्रू राखून आहे. हा शब्द फारसीतून आला. 'बे' म्हणजे विना आणि 'गम' म्हणजे काळजी, दुःख. म्हणजे बेगमी हे मुळात धान्याचे नाव नव्हे, ते धान्य घरात असल्यामुळे मनाला येणाऱ्या निर्धास्तपणाचे नाव आहे. पावसाळ्याची बेगमी झाली, म्हणजे पावसाळ्याची काळजी मिटली.

या लेखात शोध घ्यायचा आहे तो या निर्धास्तपणाचा. तो एके काळी कुणाच्या घरात होता, तिथून तो कसा आणि कुठे गेला, आणि या सगळ्या स्थलांतरात उघड्यावर कोण पडले? टंचाईची चाहूल लागली की घरात धान्य भरणे ही माणसाची फार जुनी सवय आहे. पण त्याच कृतीला एका घरी 'बेगमी' म्हणतात आणि दुसऱ्या घरी 'साठेबाजी'. या दोन शब्दांमधल्या अंतरात महाराष्ट्राचा दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहास मावतो.

चार महिन्यांचा हिशेब

बेगमीचा जन्म दुष्काळाच्या भीतीतून झालेला नाही. तो पावसाच्या खात्रीतून झालेला आहे. कोकणात मृगाचा पाऊस सुरू झाला की होड्या किनाऱ्यावर ओढल्या जात, खाड्यांतली वाहतूक थांबे, घाटवाटा निसरड्या होत. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद. ही टंचाई दरवर्षी येणारी, तारीख सांगून येणारी. म्हणून तिची तयारीही पंचांगासारखी ठरलेली असे. होळीनंतर अंगणात उन्हाची कामे सुरू होत. कोकमाची आमसुले, आंब्या-फणसाची साठे, उडदाचे पापड, फेण्या, सांडगे, मिरच्या, मीठ. बोंबील, जवळा, सोडे वाळवून डब्यात. कुळथाचे पीठ दळून ठेवलेले. भात कणगीत, आणि बियाण्याचे भात पेंढ्यात घट्ट बांधून मुड्यात. याच्या जोडीला लाकूडफाटा आणि गोवऱ्या, कारण चूल पेटलीच नाही तर कणगीतल्या भाताचा उपयोग काय?

देशावर हिशेब वेगळा होता. तिथे पाऊस घर अडवून धरत नाही. तो आलाच नाही तर घर मोडतो. म्हणून देशावरच्या घरात साठवणीची जागा वास्तूचाच भाग होती. वाड्याच्या भिंतीत बांधून काढलेले बळद, तुरकाट्यांची विणून शेणामातीने लिंपलेली कणगी, एकावर एक रचलेल्या मडक्यांची उतरंड, आणि ज्यांची शेती मोठी त्यांच्या अंगणात किंवा गावाच्या उंचवट्यावर पेव. कोठीच्या खोलीची किल्ली घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या कनवटीला असे. तिला वजनकाट्याची गरज पडत नसे. शेर, पायली, मण ही मापे तिच्या हाताला पाठ होती. सणाला किती, पाहुण्याला किती, लेकीच्या बाळंतपणाला किती, आणि नव्या ज्वारीपर्यंत किती उरले पाहिजे, हे ती सुपातले धान्य पाहून सांगे.

या ज्ञानाला कुणी शास्त्र म्हटले नाही, पण ते शास्त्रच होते. ज्वारी-गव्हात कडुनिंबाचा पाला, कडधान्याला राख किंवा एरंडेल, धान्य भरण्याआधी कडक ऊन, आणि गरम धान्य कधीही कणगीत ओतायचे नाही हा नियम. दाण्यात ओल राहिली की कीड आणि बुरशी दोन्ही येतात, हे त्या बायकांना ठाऊक होते. दाणा दाताखाली कटकन तुटला म्हणजे वाळला, ही त्यांची चाचणी.

मात्र या चित्राची फ्रेम जरा मागे सरकवली की त्यात न मावलेली माणसे दिसू लागतात. कोठी ज्याच्या घरात, त्याच्याच घरात बेगमी. बलुतेदाराचा वाटा खळ्यावर मिळे आणि तोही पीक आले तर. गावकुसाबाहेरच्या वस्तीला दोन वेळचे आजचे भागवायचे असे, चार महिन्यांचे नव्हे. तरीही साठवण तिथेही होती, फक्त ती वेगळ्या पदार्थाची होती. मेलेल्या जनावराचे मांस पट्ट्या कापून, दोरीवर उन्हात वाळवून ठेवत. त्याला चान्या म्हणत. मराठवाड्यातल्या दलितांच्या खाद्यसंस्कृतीवर शाहू पाटोळे यांनी लिहिलेल्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात हे सारे नोंदलेले आहे. पापड-कुरडयांच्या वाळवणाचे कौतुक आपल्या साहित्यात पानोपानी आढळते. चान्यांच्या वाळवणाला छापील पानावर फार कमी जागा मिळाली. बेगमीचा इतिहास लिहिताना ही दोन्ही वाळवणे एकाच उन्हात पाहिली पाहिजेत.

जमिनीखालचे धान्य

पेवाची रचना साधी आणि विलक्षण असते. मुरमाड, पाण्याचा निचरा होणारी जागा निवडायची. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे अरुंद, आणि खाली पोट मोठे, घागरीसारखे. आतून शेणामातीचा लेप, तळाला आणि कडेला कडब्याचा किंवा भुश्श्याचा थर. धान्य भरून झाले की वरून पुन्हा थर, मग दगडी झाकण आणि त्यावर माती. आत कोंडलेल्या हवेतला प्राणवायू दाण्यांच्या श्वसनात संपतो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. मग कीड जगत नाही, उंदराचा प्रश्न येत नाही, आगीचे भय नाही. कडेचे थोडे धान्य काळवंडते, त्याला एक आंबूस वास येतो, पण मधला दाणा वर्षानुवर्षे टिकतो.

जो वायू किड्याला मारतो तोच माणसालाही मारतो. म्हणून पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, तोंड उघडे ठेवून हवा खेळू द्यायची आणि मग दोरीला बांधून दिवा आत सोडायचा, ही रीत. दिवा विझला तर थांबायचे. ही रीत न पाळल्यामुळे पेवात माणसे गुदमरून मेल्याच्या घटना आहेत. पोट भरणारी गोष्ट उघडताना सावध राहावे लागते, हे त्या दिव्याने पिढ्यान्पिढ्या शिकवले.

ही पद्धत पूर्ण संपलेली नाही. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवण्याची शेकडो पेवे होती. तिथल्या मातीत हळद अनेक वर्षे चांगली राहते, असा व्यापाऱ्यांचा अनुभव. २००५ च्या कृष्णेच्या महापुरात पाणी शिरून त्यांतली पुष्कळ निकामी झाली.

धान्य जमिनीखाली ठेवण्याला टिकाऊपणाखेरीज दुसरे कारण होते, ते म्हणजे लूट. जमिनीवरची कणगी लुटारूला दिसते, जमिनीखालचे पेव दिसत नाही. १८०२-०३ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजा आणि त्यांच्या मागोमाग पेंढारी पुणे-नगर भागातून फिरले. त्यापाठोपाठ १८०३-०४ चा भीषण दुष्काळ आला. त्या दुष्काळाचे कारण जितके आकाशात होते, तितकेच घोड्यांच्या टापांत होते. उभी पिके कापली गेली आणि साठवलेले लुटले गेले. अशा काळात पेवाची जागा माहीत असणे हे घराण्याचे गुपित होते.

राज्यकर्त्यांनाही साठवणीचे मोल ठाऊक होते. किल्ला लढतो तो तोफांवर कमी आणि कोठारांवर जास्त. पन्हाळ्याच्या अंबरखान्यातल्या गंगा, यमुना, सरस्वती या कोठ्या आजही उभ्या आहेत. कोठ्यांना नद्यांची नावे द्यावीत यातच धान्याकडे पाहण्याची दृष्टी दिसते. १६६० मध्ये सिद्दी जौहरने या गडाला वेढा घातला तेव्हा शिवाजी महाराज सुमारे चार महिने आत होते. पुढच्या शतकात रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्रा'त किल्ल्यांविषयी लिहिताना पाण्याच्या तजविजीवर जो भर दिला, त्यामागे अशाच वेढ्यांचा अनुभव होता.

पण साठा राजाचा आणि भूक रयतेची, असा प्रसंग आला तर? त्याचे उत्तर इतिहासाच्या कागदांपेक्षा लोकांच्या आठवणीत जास्त ठसठशीत आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट महाराष्ट्रात कुणाला सांगावी लागत नाही. बीदरच्या बादशहाच्या चाकरीतल्या या अंमलदाराने दुष्काळात सरकारी कोठार भुकेल्यांसाठी उघडले, आणि त्या धान्याची रक्कम विठू महाराच्या रूपात विठ्ठलाने दरबारी भरली. महिपतीने 'भक्तिविजया'त ती सांगितली आहे. चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी कथेची रचना पाहण्यासारखी आहे. कोठार भरलेले आहे. बाहेर माणसे मरत आहेत. मधे एक कुलूप आहे आणि एका माणसाच्या हाती किल्ली आहे. लोकांनी संत केले ते धान्य पिकवणाऱ्याला नाही, साठवणाऱ्यालाही नाही. ज्याने कोठार उघडले त्याला केले.

धान्याचा पैसा झाला

एकोणिसाव्या शतकात पेवे रिकामी होऊ लागली. त्यासाठी कुणी फर्मान काढले नव्हते. ते काम तीन गोष्टींनी मिळून केले.

पहिली गोष्ट सारा. १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पाहणी-पद्धत लागू केली आणि ती पुढे दख्खनभर पसरली. सारा तीस वर्षांसाठी ठरवलेला आणि रोख. पीक कमी आले तरी हप्ता तोच आणि तो रुपयांत. म्हणजे सुगी झाली की शेतकऱ्याने धान्य आधी बाजारात नेले पाहिजे. भाव नेमके तेव्हाच पडलेले असतात. पेवात जायची ज्वारी वाण्याच्या वखारीत गेली आणि उन्हाळ्यात तीच ज्वारी चढ्या भावाने, बहुधा उधारीवर, परत घरी आली.

दुसरी गोष्ट कापूस. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या वर्षांत कापसाला सोन्याचा भाव आला आणि शेतकरी रोख पिकाच्या आणि त्याबरोबर कर्जाच्या वाटेला लागला. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्ज राहिले. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, त्याची मुळे इथे आहेत.

तिसरी गोष्ट आगगाडी. १८६३ मध्ये बोरघाटाचा चढ रुळांनी जिंकला आणि देश व मुंबई जोडले गेले. आगगाडीमुळे दुष्काळी भागात धान्य लवकर पोचते हे खरे आणि महत्त्वाचे आहे. पण रूळ दोन्ही दिशांना धावतात. जिथे भाव जास्त तिथे धान्य जाते, आणि भाव जास्त असतो तो भूक असते तिथे नव्हे, भूक आणि पैसा दोन्ही असतात तिथे. घरात धान्य साठवण्याऐवजी ते विकून पैसा ठेवावा, गरज पडली तर बाजार आहेच, असा नवा शहाणपणा रुजला. तो चांगल्या वर्षात खराही होता.

१८७६ च्या पावसाने दगा दिला तेव्हा या शहाणपणाची परीक्षा झाली. सोलापूर, सातारा, नगर, पुणे आणि कर्नाटकाच्या बाजूचे जिल्हे होरपळले. दक्षिण हिंदुस्थानात या दोन वर्षांत पन्नास लाखांहून अधिक माणसे गेली असे अंदाज आहेत. बाजारात धान्य येत होते, पण विकत घ्यायला मजुराकडे, विणकराकडे पैसा नव्हता. सरकारने दुष्काळी कामे काढली. दुष्काळावर देखरेखीसाठी नेमलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी खर्च वाचवण्यासाठी मजुरी खाली आणली. दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी. त्यावर दिवसभर खडी फोडायची. १८७७ च्या आरंभी मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी ही कामे सोडली. उपाशी माणसाने अन्नाचे काम नाकारावे, याहून मोठा निषेध कोणता? पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारकडे पाठवली. आपल्याकडच्या दुष्काळाच्या शिस्तबद्ध अभ्यासाची ती सुरुवात म्हणावी लागेल.

याच दिवसांत, २० एप्रिल १८७७ रोजी, सावित्रीबाई फुले यांनी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. दुष्काळाने माणसे आणि जनावरे कशी मरत आहेत, सावकार कसे नाडत आहेत, हे त्यात आहे. त्या काळी सत्यशोधक मंडळींनी अन्नछत्रे काढली आणि धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला. घरातले पेव गेले होते, सरकारी कोठार नव्हते. मधल्या पोकळीत ही माणसे उभी राहिली.

दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८८० मध्ये आला. दुष्काळसंहितेचा पाया त्याने घातला. धान्याचा व्यापार मोकळा ठेवावा, सरकारने त्यात पडू नये, हे बहुमताचे मत. जेम्स केअर्ड आणि सलिव्हन या दोन सदस्यांनी मात्र सरकारनेच धान्याचे साठे करून ठेवावेत असे वेगळे मत नोंदवले. ते मानले गेले नाही. सरकारने धान्य साठवायचे की नाही, हा प्रश्न पुढे साठ वर्षे तसाच राहिला आणि मग युद्धाने तो सोडवला.

साठेबाज कोण?

१९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि रंगूनचा तांदूळ बंद झाला. मुंबई आणि कोकणपट्टी या तांदळावर किती अवलंबून आहे, हे तो थांबल्यावर उमगले. मुंबईतल्या गिरणगावात खोलीत वीस-वीस माणसे राहत. तिथे कणगी ठेवायला जागा नव्हती आणि महिन्याच्या पगारापलीकडचे धान्य भरायला पैसे नव्हते. बंगालात १९४३ मध्ये काय झाले ते सर्वश्रुत आहे. सुमारे तीस लाख माणसे गेली, आणि ती प्रामुख्याने खेड्यातली भूमिहीन, मजूर, कोळी, कारागीर. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवले, की अन्नधान्याची एकूण उपलब्धता हे त्या मृत्यूंचे पुरेसे स्पष्टीकरण नव्हे. भाव चढत गेले, भाव आणखी चढतील या अपेक्षेने व्यापाऱ्यांनी आणि सुस्थित घरांनी धान्य रोखून धरले, आणि ज्याच्या हाती फक्त मजुरी होती त्याच्या वाट्याचे धान्य बाजारातून नाहीसे झाले.

मुंबईने वेगळा मार्ग धरला. मे १९४३ मध्ये शहरात रेशनिंग सुरू झाले. गव्हर्नरपासून गिरणी कामगारापर्यंत प्रत्येकाच्या नावाने ठरावीक धान्य. त्या काळच्या रांगा, खडे, किडका तांदूळ यांच्या तक्रारी आपण वाचलेल्या आहेत. त्या खऱ्याच आहेत. पण मुंबईच्या रस्त्यांवर कोलकात्यासारखी प्रेते पडली नाहीत, हेही खरे आहे. ज्याच्याकडे कोठी नव्हती त्याला कागदाच्या एका तुकड्याने पहिल्यांदा कोठीत वाटा दिला. रेशनकार्ड म्हणजे गरिबाची बेगमी.

या व्यवस्थेला धान्य कुठून तरी आणावे लागते. ते आले लेव्हीतून. युद्धकाळात आणि नंतर साठ-सत्तरच्या दशकांतही सरकारने शेतकऱ्याकडून ठरलेल्या भावाने सक्तीने धान्य घेतले. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याने साठ्यावर मर्यादा घालण्याचा अधिकार सरकारला दिला. इथे एक मोठा उलटफेर झाला. पिढ्यान्पिढ्या घराचा मान असलेली भरलेली कणगी आता चौकशीचा विषय झाली. लेव्हीचा माणूस येणार म्हटले की पोती गोठ्यात, गंजीत, नातेवाइकाच्या घरी हलत. पूर्वी पेंढाऱ्यांपासून धान्य लपवणारा शेतकरी आता तलाठ्यापासून लपवू लागला. त्याच्या मते ती बेगमी होती, कायद्याच्या मते ती साठेबाजी.

दोघांचेही काही चुकत नव्हते, आणि अडचण हीच आहे. वर्षाचे धान्य ठेवणारे कुटुंब आणि भाव चढायची वाट पाहत गोदाम भरणारा व्यापारी यांत फरक आहे. पहिला धान्य खाण्यासाठी ठेवतो, दुसरा दुसऱ्याच्या भुकेवर विकण्यासाठी. पण टंचाईच्या अफवेत हा फरक पुसट होतो. एका घराने महिन्याऐवजी तीन महिन्यांचे भरले तर काही बिघडत नाही. शहरातल्या प्रत्येक ऐपतदार घराने एकाच आठवड्यात तसे केले, तर रोज पावशेर तेल आणि किलोभर पीठ घेणाऱ्या बाईला दुकानात रिकामी फळी दिसते. सुगीला भरलेली बेगमी बाजाराचा भार हलका करते. अफवेनंतर भरलेली बेगमी तोच भार कमजोर खांद्यावर टाकते.

लाल मिलो

माझ्या पिढीला टंचाई म्हटले की १९७२ आठवते. शाळेतून घरी आल्यावर ताटात लालसर भाकरी असे. ती अमेरिकेहून आलेल्या मिलोची. गुरांचे खाद्य म्हणून आजी त्याला हात लावायला तयार नव्हती. मालदांडी ज्वारीच्या मुलखात, जिथल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला पुढे भौगोलिक मानांकन मिळाले, तिथे बोटीतून आलेले धान्य खावे लागावे हा तिला अपमान वाटे. चौथ्या दिवशी तिने तीच भाकरी खाल्ली आणि त्यावर कधी काही बोलली नाही.

त्या वर्षी आमच्या भागात कणग्या रिकाम्या होत्या, कारण १९७० आणि ७१ सालांनीही हात आखडता घेतला होता. एका वाईट वर्षाला बेगमी पुरते, सलग तिसऱ्याला नाही. माणसे जगली ती रस्त्यांच्या, नालाबंडिंगच्या, पाझर तलावांच्या कामांवर आणि तिथे मिळणाऱ्या सुकडीवर. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात अशा कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. पाऊस १८७६ सारखाच रुसला होता, पण मृत्यूंचे ते प्रमाण पुन्हा दिसले नाही. हाताला काम आणि कामाला दाम मिळाले, म्हणून बाजारातले धान्य माणसापर्यंत पोचले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकाराला आलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला, तो या अनुभवाच्या जोरावर.

शहरात त्याच वेळी दुसरी लढाई चालू होती. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली. लाटणे हातात घेऊन, थाळ्या वाजवत बायका रस्त्यावर आल्या. तेल, साखर, रॉकेल कुठे दडवले आहे, असा त्यांचा प्रश्न होता. कोठीच्या खोलीची किल्ली जिच्या कनवटीला असे, तिची नात आता सरकारी गोदामाची किल्ली मागत होती. या आंदोलनाचे हे मर्म मला फार मोलाचे वाटते. घरातल्या साठ्याचा हिशेब ठेवणाऱ्या बाईने देशाच्या साठ्याचा हिशेब विचारला.

२४ मार्चची रात्र

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि मध्यरात्री ती सुरू होणार होती. मधल्या चार तासांत किराणा दुकानांपुढे काय झाले ते प्रत्येकाने पाहिले, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर आपल्यापैकी अनेकांनी केलेही. मी स्वतः पिशव्या घेऊन उतरलो होतो. दहा किलो तांदूळ, पाच किलो डाळ, तेलाचे डबे. घरात आधीचे पंधरा दिवसांचे होतेच. रांगेत माझ्यामागे एक बांधकाम मजूर होता. त्याने बटाटे, मीठ आणि दोन किलो पीठ घेतले. त्याच्याकडे पैसे तेवढेच होते, आणि खोलीत चार जण. दुकानदाराने त्याला विचारले, एवढेच? तो म्हणाला, उद्याचं उद्या बघू. उद्या दुकान उघडेल की नाही हे दोघांनाही ठाऊक नव्हते.

देशात धान्याची टंचाई नव्हती. १ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय साठ्यात साडेपाच कोटी टनांहून जास्त गहू-तांदूळ होता. त्या तारखेला जेवढा असावा असा निकष आहे, त्याच्या अडीचपटीहून अधिक. मार्चअखेरीस रेशनकार्डधारकांना माणशी पाच किलो मोफत धान्य जाहीर झाले. मात्र स्थलांतरित मजुराचे कार्ड गावी होते आणि तो शहरात. कार्ड नसलेल्यांसाठी धान्याची घोषणा झाली ती मेच्या मध्यावर. तोपर्यंत माणसे चालू लागली होती.

८ मे रोजी पहाटे जालन्याहून निघालेले मजूर रुळांवर झोपले होते. भुसावळहून गावाकडची गाडी मिळेल या आशेने ते चालले होते. करमाडजवळ मालगाडीखाली सोळा जण गेले. दुसऱ्या दिवशीच्या छायाचित्रांत रुळांमध्ये विखुरलेल्या पोळ्या दिसत होत्या. कुणीतरी त्या रात्री आटा मळून, वाटेसाठी मोजून भाजलेल्या. ती त्या माणसांची बेगमी होती, दोन दिवसांची.

सत्तेचाळीस वर्षांपूर्वी या मराठवाड्यात काम हाताशी आणून दिल्यामुळे माणसे गावात राहून जगली होती. या वेळी कोठारे भरलेली असताना माणसे कोठारापासून दूर चालत होती. कार्ड कुठेही चालावे ही सुधारणा तोवर काही राज्यांत सुरू झाली होती आणि पुढे ती देशभर पसरली. ते चांगलेच झाले.

मी त्या रात्री आणलेल्या तांदळाला जूनमध्ये किडे झाले. आजी असती तर आधी ऊन दे म्हणाली असती. पेवात उतरण्याआधी ती जुनी माणसे दिवा सोडून पाहत, की आत श्वास घ्यायला जागा आहे का. आपण घरात धान्य भरतो तेव्हाही असा एक दिवा बाहेर सोडून पाहायला हवा. आपल्या मागे रांगेत उभ्या असलेल्याला श्वास घ्यायला जागा उरली आहे का? सुगीला भरलेल्या, हिशेबाने वापरलेल्या बेगमीला या प्रश्नाची भीती नसते.

देशाच्या कोठाराचे म्हणाल तर प्रश्न मंगळवेढ्याइतकाच जुना आहे. धान्य आहे का, हे दामाजीपंतांनाही विचारावे लागले नव्हते. ते समोर दिसत होते. कुलूप कधी आणि कुणासाठी उघडायचे, एवढेच त्यांना ठरवायचे होते.